मी खाणीत नव्हतो

दसरा झाल्यावरच्या आठवड्यात माझ्या मित्राचा फोन आला आणि तो मी तिसऱ्या वेळी उचलला. आधीच्या दोन वेळा मी वाजणाऱ्या फोनकडे बघत नुसता उभा राहिलो होतो. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं होतं. कंपनी सोडून त्याला आठ महिने झाले होते आणि या आठ महिन्यांत मी त्याच्याकडे एकदाही गेलो नव्हतो. पुनावळ्यातल्या माझ्या घरापासून त्याचं घर गाडीने दीड तासावर, त्यामुळे अंतराचं कारणही सांगता येत नव्हतं. त्याच्यासमोर बसून बोलायचं काय, हेच मला कळत नव्हतं.

फोनवर तो चार शब्द बोलायचा आणि श्वास घ्यायला थांबायचा. म्हणाला, रविवारी ये. डोंगर अजून हिरवे आहेत, पंधरा दिवसांत गवत पिवळं पडेल. आमची जुनी खाण, वस्ती, सगळं तुला इतकी वर्षं नुसतं सांगत आलोय, आता एकदा दाखवतो. मग जरा थांबून म्हणाला, "आन् एक काम बी हाय. फोनवर न्हाई सांगत."

चाकणच्या एका कारखान्यात आम्ही बावीस वर्षं एकाच शेडमध्ये होतो. गाड्यांचे पत्र्याचे भाग तिथे बनायचे. तो प्रेसवर होता, मी तपासणीला; मी अजून तिथेच आहे. मी लातूरकडून आयटीआय करून आलेलो, इथे ओळख ना पाळख. पहिल्याच दिवशी कँटीनमध्ये तो समोर येऊन बसला, माझ्या ताटात वाकून बघितलं आणि स्वतःच्या डब्यातला ठेचा माझ्या भातावर घातला. "कंपनीचं जेवण नुसतं खाशील तर पळून जाशील," एवढंच म्हणाला. तेव्हापासून आमचं जमलं.

तो इथलाच होता. आजोबा कधीतरी सोलापूरच्या पलीकडून दगड फोडायला या भागात आले आणि खाणीशेजारीच राहिले. वडील दगडफोडे, चुलते दगडफोडे. हा बाराव्या वर्षी खाणीत गेला आणि पंचविशीत बाहेर पडला, तेही खाण बंद व्हायला लागली म्हणून. सुरुंगानंतर फुटलेले दगड घणाने बारीक करायचे, घमेल्याने क्रशरच्या तोंडात ओतायचे. खालून खडी पडायची आणि वरून पांढरी भुकटी उडायची. दुपारपर्यंत भुवया पांढऱ्या व्हायच्या, असं तो सांगायचा. सांगताना हसायचा.

त्याचा खोकला आमच्या शेडमध्ये सगळ्यांच्या ओळखीचा होता. शिफ्टच्या आधी गेटपाशी तो खोकला ऐकू आला की सुपरवायझर म्हणायचा, वाजला भोंगा. आम्ही हसायचो. मीही हसायचो.

दोनदा त्याला क्षयाची औषधं दिली गेली. सहा-सहा महिने त्याने ती नेमाने घेतली, बरं काहीच वाटलं नाही. तिसऱ्यांदा मी त्याच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेलो होतो. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी एक्स-रे उजेडासमोर धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं की लहानपणी कुठे काम करत होतात. तो म्हणाला, खाणीत. त्यांनी पेन खाली ठेवलं. क्षय नाहीच, म्हणाल्या. याला सिलिकोसिस म्हणतात. दगडाची धूळ फुप्फुसात बसली आहे, ती बाहेर येत नाही आणि तिला काढणारं औषध नाही. सांभाळून राहायचं, धुळीपासून लांब राहायचं, लागेल तसा ऑक्सिजन घ्यायचा.

बाहेर आल्यावर बाकावर बसून तो म्हणाला, "इतकी वर्षं दगड आत ऱ्हातोय कसा रं?" मी तपासणीचा माणूस, पत्र्यातला केसाएवढा तडा मला दिसतो. मी त्याला म्हणालो, चल, चहा घेऊ.

त्यानंतर त्याने नोकरी सोडली आणि डोंगराच्या पायथ्याशी, मेहुण्याच्या शेजारी दोन खोल्या बांधून राहायला गेला. आणि मी जायचं टाळत राहिलो.

त्या रविवारी सकाळीच निघालो. देहूवरून येलवाडी, खालुंब्रे, मग महाळुंगे. रविवार असूनही कंटेनरची रांग लागलेली, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गोदामं, पंक्चरची दुकानं, कामगारांना खोल्या भाड्याने मिळतील असे फलक. आंबेठाण मागे टाकल्यावर मात्र शेड विरळ झाल्या आणि समोर एकदम डोंगर आले. भाताची खाचरं पिकून वाकली होती. काच खाली केली तर वाऱ्याला भाताचा वास होता.

तो ओट्यावर खुर्चीत बसला होता. नाकाला नळी, ती नळी दारातून आत गेलेली आणि आत मशीन घरघरत होतं. अंगात कंपनीचाच निळा शर्ट, पण त्यात आता दोन माणसं मावली असती. गळ्याखालचा खड्डा श्वासागणिक आत जात होता. मी गाडीतून उतरलो आणि तोंडाला येईल ते बोललो. बरा दिसतोस, म्हणालो.

"तू इन्स्पेक्शनवाला ना, राव," तो म्हणाला. "मग नीट बघून बोल."

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसलो. वहिनी पाणी घेऊन आल्या, त्यांनी मुलांची चौकशी केली. इंद्रायणीचा गरम भात आणि काळ्या मसाल्याची आमटी झाली होती. तो दोन घास खायचा आणि थांबायचा. जेवणंसुद्धा दमवतं, हे मी पहिल्यांदा बघत होतो. माझं ताट लवकर रिकामं होऊ नये म्हणून मीही सावकाश जेवलो.

जेवण झाल्यावर वहिनींनी प्लास्टिकची पिशवी आणली. तिच्यात कागद होते. खाणीत काम करून ज्यांना हा आजार झाला, त्यांच्या उपचाराला सरकारी मदत मिळते असं कोणीतरी त्यांना सांगितलं होतं. अर्ज भरला होता. आजाराचा दाखला होता. फक्त एक रकाना रिकामा होता: खाणीत काम केल्याचा पुरावा. खाणीचा ठेकेदार केव्हाच वारला होता. त्याच्या मुलाने हात वर केले, आमच्याकडे काही कागद नाहीत म्हणाला. हजेरीपट लिहिलाच जात नव्हता. शाळेत त्याचं नाव चौथीपर्यंत होतं आणि कंपनीत पंचविसाव्या वर्षी लागलं. मधली वर्षं कुठल्याच कागदावर नव्हती. कचेरीत सांगितलं होतं की कागद नसेल तर ज्यांनी प्रत्यक्ष बघितलं आहे अशा दोन माणसांची प्रतिज्ञापत्रं आणा.

वस्तीतली बहुतेक घरं उठून गेली होती, पण एक म्हातारी अजून तिथेच राहत होती. तिला भेटायचं आणि साक्ष देशील का विचारायचं, हे त्याचं काम होतं. वहिनी माझ्याकडे बघून म्हणाल्या, भाऊजी जाऊन विचारून येतील, तुम्ही कशाला जाता. तो ऐकेना. लहान सिलिंडर गाडीत ठेवला गेला. मी गाडीची चावी घेऊन निघालो तेव्हा वहिनी माझ्यामागे अंगणाच्या कडेपर्यंत आल्या आणि हळूच म्हणाल्या, "तुमचं ऐकतील ते. चालू देऊ नका त्यांना." मी हो म्हणालो.

पुढचा अर्धा तास आमचा जुन्या दिवसांसारखा गेला. रस्ता वळणं घेत चढत होता. खाली धरणाचं पाणी पसरलेलं, त्यात डोंगरांच्या सोंडा उतरलेल्या. उतारांवर सोनकीची फुलं शेवटची उरली होती, कडेच्या ओलसर जागी तेरडा होता. लांब पश्चिमेला सह्याद्रीची मोठी रांग निळी दिसत होती, एकामागे एक, शेवटची तर आभाळात मिसळलेली. तो काचेला डोकं टेकवून बोटाने दाखवत होता. ते बघ, तिथं आम्ही करवंदं काढायचो. त्या घळीत बारमाही झरा आहे, खाणीतून आलो की अंग तिथंच धुवायचो. ती घार बघ. सिलिंडरची नळी त्याने काढून मांडीवर ठेवली होती. मी लाव म्हणालो, तर म्हणाला, इथली हवा फुकटची आहे, घेऊ दे.

मग एक वळण आलं आणि डोंगर संपला. समोरून तो इतरांसारखाच हिरवा दिसत होता. वळणापलीकडे गेल्यावर कळलं, त्याला पाठच नाही. अर्धा डोंगर सरळ कापून नेलेला, काळ्या पायऱ्या-पायऱ्यांची उंच भिंत उभी, आणि तळाशी एक मोठा खड्डा हिरव्यानिळ्या पाण्याने भरलेला. त्याच्या काठावर क्रशरचे सिमेंटचे खांब उरले होते. खाणीच्या वरच्या अंगाला वस्ती होती: चाळीसेक घरं, सगळी दगडाची, एकाही घराला छप्पर नाही. जाताना लोकांनी पत्रे आणि वासे काढून नेले होते. दारांच्या चौकटीही नेल्या होत्या. भिंतींच्या आत घाणेरी माजली होती.

गाडी वरच्या रस्त्यावरच लावावी लागली. वस्तीपर्यंत पायवाट उतरत होती, फार तर दोनशे पावलं. मी म्हणालो, तू गाडीत बस, मी म्हातारीला घेऊन येतो. तो दार उघडून उतरलासुद्धा. उताराला काही त्रास होत नाही, म्हणाला. सिलिंडर घेऊ का विचारलं तर मान हलवली. मी आग्रह केला नाही.

वाटेवरच, खड्ड्याच्या काठावर एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढत होतं. मुलगी लांब लाल गाऊनमध्ये, मुलगा कोटात, फोटोवाला दगडावर पालथा पडलेला. माणकडून आले होते, दोघंही हिंजवडीला नोकरीला. माझा मित्र त्या काठावर थांबून पाण्याकडे बघत होता. याच पाण्याखाली कुठेतरी त्याच्या वडिलांची जागा होती, म्हणजे जिथे ते बसून घण मारायचे ती. तेवढ्यात फोटोवाल्याने हाक दिली, "काका, जरा बाजूला होता का? फ्रेममध्ये येताय."

तो लगेच बाजूला झाला. हात वर करून, चुकलं, असंही म्हणाला.

म्हातारीचं घर वस्तीच्या टोकाला, निळ्या ताडपत्रीखाली. चार शेळ्या होत्या. ती उन्हात बसून शेंगा सोलत होती. आम्ही दिसण्याआधी तिला त्याचा खोकला ऐकू गेला असणार, कारण मान वर न करताच तिने विचारलं, कुणाचा रं तू? त्याने वडिलांचं नाव सांगितलं. तिने त्याला जवळ बसवलं, तोंडावरून हात फिरवला. तिचा तळवा शेजारच्या दगडासारखाच राखाडी आणि गुळगुळीत होता. तीही चाळीस वर्षं खाणीत होती.

साक्षीचं विचारल्यावर ती लगेच तयार झाली. मला कोणाची भीती, म्हणाली. तुझी आई आणि मी बरोबर घमेली उचलायचो, तू एवढासा असताना खडीवर झोपायचास. मी हे सगळं वहीत लिहून घेत होतो. मला वाटलं, चला, काम झालं. आता निघावं.

पण तो बसून राहिला. समोरच्या भिंतींकडे बघून, इथं कोण राहायचं, तिथं कोण, असं विचारायला लागला. म्हातारी हनुवटीने दाखवत सांगत गेली. या घरातला गेला, खोकल्यात. त्याचा भाऊ, तोही खोकल्यातच. त्या कोपऱ्यातल्याला पस्तिशीही बघता आली नाही. तिचा नवरा, तिचा थोरला. ती रडत नव्हती, कोण कुठल्या गावाला गेलं ते सांगावं तशी सांगत होती. वस्तीत त्याला खडीचा खोकला म्हणायचे आणि तो पुरुषाला व्हायचाच, जसे केस पांढरे होतात तसा, असं सगळे धरून चालायचे. दवाखान्यात क्षय म्हणायचे. मग बाया पोरांना घेऊन माहेरी, नाहीतर शहराकडे जायच्या. मला आतापर्यंत वाटत होतं की खाण बंद पडली म्हणून वस्ती उठली. वस्ती त्याच्या आधीपासूनच उठत होती.

माझा मित्र पुन्हा एकेका भिंतीकडे बघत गेला. मग त्याने विचारलं, "मावशे, आपल्या वस्तीत म्हातारा झालेला गडी कोन हुता गं?"

म्हातारीने शेंगा सोलणं थांबवलं. ती आठवत राहिली. एकदोनदा तोंड उघडून बंद केलं. तोही आठवत होता, बोटं मिटून उघडत होता. मी एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होतो आणि कोणीतरी एक तरी नाव घ्यावं अशी मनात विनवणी करत होतो.

"न्हाई रं," ती शेवटी म्हणाली. "म्हाताऱ्या तेवढ्या झाल्या."

तो उठला आणि वाट चढायला लागला. मला न सांगता, न वळता, भरभर. मी मागून हाका मारल्या, हळू चल, थांब. शंभरेक पावलं गेला असेल, तो वाटेतच गुडघ्यावर बसला. मी पोचलो तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. तोंड उघडं, छाती भात्यासारखी हलत होती, पण आत काही जात नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता. मी त्याची पाठ चोळायला लागलो, मग त्याला आडवं करायला लागलो, मग खिशातून मोबाइल काढला तर रेंज नाही. मी मोठ्याने त्याचं नाव घेत होतो, जसं काही त्याला ऐकू येत नव्हतं.

म्हातारी मागून चढत आली. तिने माझा हात बाजूला केला, त्याला पुढे वाकवून बसवलं, त्याचे कोपर त्याच्याच गुडघ्यांवर टेकवले आणि आपण त्याच्यापुढे बसून त्याचं कपाळ खांद्यावर घेतलं. "आडवा नगा करू," ती मला म्हणाली. "आडवा केला की जातो. तुमी ते गाडीतलं आना."

मी धावलो. सिलिंडर घेऊन परत येताना दोनदा घसरलो. आणि आणल्यावर तो मला उघडता येईना. चावी कुठल्या बाजूला फिरवायची तेच सुचेना. आयुष्यभर पान्यांशी आणि मोजमापाच्या गेजशी खेळलेला माणूस मी. शेवटी त्यानेच, मान तशीच म्हातारीच्या खांद्यावर ठेवून, चाचपडत हात पुढे केला आणि चावी फिरवली. सूं असा आवाज आला. मी नळी त्याच्या नाकाला लावली, तेवढंच मी केलं.

दहा मिनिटांनी ओठांचा रंग जरा बदलला, पण उभं राहायची ताकद त्याच्यात नव्हती. मी खाली धावत गेलो आणि त्या फोटोवाल्यांना हाक मारली. तो लग्नाचा मुलगा आला. काय झालंय हे त्याने विचारलंसुद्धा नाही. पाठ करून खाली बसला आणि माझ्या मित्राला पाठुंगळी घेतलं. कोट भाड्याचा होता, काखेत टरकला. ती मुलगी एका हाताने गाऊन सावरत, दुसऱ्या हातात सिलिंडर धरून शेजारून चालत होती. मागून मी, त्याच्या चपला घेऊन.

उतरताना मी गाडी सावकाश चालवत होतो. चाळीस टक्के माझं लक्ष रस्त्यावर आणि बाकीचं त्याच्या श्वासावर होतं. धरणाचं पाणी पुन्हा दिसायला लागलं तेव्हा तो बोलला. एक साक्ष झाली, दुसरी कुठून आणायची, त्याच्या बरोबरीचं आता कोणी उरलेलं नाही. मग म्हणाला, "तू लिहून दे. की तू मला खाणीत बघितलंय."

मी म्हणालो, मी तर तुला कंपनीतच पहिल्यांदा भेटलो. मी तेव्हा लातूरला होतो.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला. "पर कुनीतरी बघितलेलं पायजे ना."

बावीस वर्षांत सदोष भागावर मी कधी सही केली नाही. त्यावरून माझी भांडणं झाली, बढती एकदा हुकली, आणि याचा मला मनातून अभिमान होता. त्या आठवड्यात मी शंभर वेळा विचार केला. त्याने खाणीत काम केलं होतं हे खरं होतं. ते मी बघितलं हे खोटं होतं. शेवटी मी लिहून दिलं. मी सदर इसमास खाणीत दगड फोडताना स्वतः पाहिले आहे, असं वकिलाने टाइप केलं आणि मी खाली सही केली.

म्हातारीला मी गाडीत घालून चाकणला नेलं. तिथे प्रतिज्ञापत्रासाठी सेवा केंद्रात यंत्रावर अंगठा लावायचा होता. यंत्र तिचा अंगठा घेईना. केंद्रातल्या बाईंनी तिचे हात ओल्या फडक्याने पुसले, क्रीम लावलं, मग एकेक करून दहाही बोटं ठेवून बघितली. दगडांनी रेषाच पुसून टाकल्या होत्या. सगळे मागे रांगेत उभे, आणि म्हातारी प्रत्येक बोट ठेवल्यावर त्या बाईंच्या तोंडाकडे बघायची. शेवटी शाईचा अंगठा घेतला. कागदावर एक काळा गोल उमटला, आत काहीच नसलेला.

महिन्याभराने कचेरीतून चौकशीसाठी मला बोलावणं आलं. साहेब वयाने लहान होते, बोलायला चांगले होते. चहा मागवला. कागद चाळता चाळता सहज विचारलं, तुम्ही मूळचे कुठले, इकडे कधी आलात? मी खरं सांगून टाकलं. लातूरचा, आयटीआय झाल्यावर आलो, आणि कोणत्या साली तेही सांगितलं. कागदावर खोटं लिहिता आलं होतं. विचारल्यावर बोलता आलं नाही. साहेबांनी खाण कधी बंद झाली ते पुन्हा वाचलं, मग माझ्याकडे बघितलं. मला समजलं तेव्हा उशीर झाला होता.

ते रागावले नाहीत. म्हणाले, तुमचा हेतू मला कळतो, पण हा कागद आता फाइलला लागला आहे. साक्ष विसंगत, असं मला लिहावंच लागेल, आणि त्यामुळे त्या म्हाताऱ्या बाईंच्या साक्षीकडेही वरचे लोक संशयाने बघतील. मी विचारलं, काही करता येईल का. ते म्हणाले, फेरचौकशी लागेल. किती दिवस लागतील, तर सांगता येत नाही.

तिथून मी घरी न जाता सरळ त्याच्याकडे गेलो. ओट्यावर त्याच्यासमोर उभं राहून सगळं सांगितलं. माझ्यामुळे बिघडलं, म्हणालो. वहिनी दारात उभ्या होत्या, त्या आत गेल्या. भांड्याचा आवाज आला, मग तोही थांबला.

त्याने नाकाची नळी नीट केली आणि माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता शिव्या देईल, आणि त्याने द्याव्यात असं मला खरंच वाटत होतं.

"तुला खोटं जमत न्हाई, हे मला ठावं असून मी तुला बोललो," तो म्हणाला. "बस खाली."

फेरचौकशी अजून चालू आहे. मी दोनदा कचेरीत जाऊन आलो, फाइल वर गेली आहे एवढंच कळतं. दर रविवारी मात्र आता मी न चुकता जातो. त्याला आडवं होऊन झोपता येत नाही, म्हणून खुर्चीतच उशीला टेकून बसतो. मी शेडमधल्या गोष्टी सांगतो: नवा प्रेस आला, त्याच्या जागेवर आता बिहारचा एक जण आहे, कँटीनचा ठेका बदलला. तो डोळे मिटून ऐकतो. कधी मध्येच विचारतो की प्रेसची डाय, म्हणजे साचा, कोणी बसवली, कधी काहीच विचारत नाही आणि त्याला झोप लागते. समोर डोंगर असतात, आता गवत वाळून पिवळे झालेले. मी हललो तर पत्र्याची खुर्ची करकरते, म्हणून मी न हलता बसून राहतो आणि त्याची छाती वर जाते का, बघत राहतो.